१९७३ च्या पोर्शे ९१४ चा अल्टरनेटर बेल्ट: हात जात नाही, काय करू?

सदू_फ्रेमाँटकर (धागाकर्ता)
मंडळी, नमस्कार. वाहनविभागात पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आठ महिन्यांपूर्वी एका म्हाताऱ्या काकांकडून पोर्शे ९१४ घेतली. १९७३ ची, २.० लिटर, पिवळी. बायको तिला ‘साबणदाणी’ म्हणते. आजवर काही तक्रार नव्हती. गेल्या आठवड्यापासून मात्र हेडलाइट लावले की मागून कुईंऽऽ असा आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. गाडी रेस केली की जातो, सिग्नलला थांबलं की परत येतो. थोडा जळक्या रबराचा वासही आहे. म्हणजे अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) पट्टा. इथवर माझं मला कळलं.

पुढचं कळत नाहीये. इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. वरचं झाकण उघडलं की एअर फिल्टर आणि बॅटरी दिसते. अल्टरनेटर उजवीकडे, खाली, बॅटरीच्याही खाली. पट्टा त्याच्याही पुढे, इंजिन आणि सीटमागची भिंत यांच्या फटीत. बॅटरी काढून हात घातला तर मनगटापर्यंत गेला आणि अडकला. बाहेर काढताना घड्याळाचा पट्टा तुटला. हा तेवढा सहज निघाला.

इथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, इंजिन खाली उतरवावं लागेल, १२०० डॉलर. पट्टा आहे जेमतेम वीस डॉलरचा.

प्रश्न असा: इंजिन न उतरवता हे घरी होतं का? कोणी केलंय का?

झुणका_विथ_भाकर
फोटो टाका. फोटो नाही म्हणजे गाडी नाही.

कोपरखैरणेकर
आधी घड्याळाचा पट्टा बदला, सराव होईल.

चक्रधर_सोलापूर
सदूभाऊ, एक कळकळीची विनंती. पट्टा बदलेपर्यंत गाडी अजिबात चालवू नका. एअरकूल्ड इंजिन आहे. पट्टा तुटला की पंखा बंद, पंखा बंद की पाच मिनिटांत इंजिन जाम. माझ्या मित्राची बीटल अशीच गेली.

पाना_पक्कड
@चक्रधर, बीटलबद्दल शंभर टक्के बरोबर. तिचा पंखा डायनामोच्या शाफ्टवर असतो, त्यामुळे पट्टा गेला की हवा गेली. जुन्या एअरकूल्ड ९११ मध्येही पंखा आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर. पण चार सिलिंडरच्या ९१४ मध्ये फोक्सवॅगनचं टाइप ४ इंजिन आहे आणि त्याचा पंखा थेट क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला बोल्टने बसवलेला असतो. पट्टा फक्त अल्टरनेटर फिरवतो. तुटला तरी इंजिन गार राहतं. बंद पडतं ते चार्जिंग.

याचा अर्थ खुशाल हिंडा असा नाही. २.० मध्ये बॉशचं डी-जेट्रॉनिक इंजेक्शन आहे. पेट्रोलचा पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर, कंट्रोल बॉक्स विजेवर. बॅटरी उतरत गेली की गाडी आधी अडखळेल, मग रस्त्याच्या कडेला शांत उभी राहील. दिवसाउजेडी, दिवे न लावता घरी पोचण्यापुरतं चालतं. रात्री ते डोळे मिचकावणारे हेडलाइट वर काढलेत तर विषय संपला.

चक्रधर_सोलापूर
@पाना_पक्कड, हे माहीत नव्हतं. शब्द मागे. बीटलचं दुःख मात्र मागे घेत नाही.

आजोबांची_फियाट
हा धागा वाचून १९८९ आठवलं. आमची प्रीमियर पद्मिनी, मागे आई, आत्या आणि मध्ये लोणच्याच्या दोन बरण्या. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकी घाटात (बोगदा व्हायच्या फार आधी) फटकन आवाज झाला आणि तापमानाचा काटा वर. पद्मिनीचा एकच पट्टा डायनामोही फिरवायचा आणि पाण्याचा पंपही, पंखा पंपाच्याच शाफ्टवर. त्यामुळे तिथे पाना_पक्कड म्हणतात तशी चैन नाही.

बाबांनी डिकीतून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली. तीन वेढे, वर कोळ्याची गाठ. पुलीवर चढवली आणि डायनामो पहारीने मागे ओढून नट आवळला. सुटली ती पहिल्या वळणावर. दुसऱ्यांदा आत्याच्या परकराची नाडी. तुम्ही हसाल, पण नाडीवर आम्ही खंडाळ्यापर्यंत उतरलो (साताऱ्याचं खंडाळा, लोणावळ्याजवळचं नव्हे). तिथल्या टपरीवजा गॅरेजात पट्टा मिळाला. आत्या पुण्यापर्यंत बाबांशी एक शब्द बोलली नाही.

निशिगंधा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! नाडी 😂

झुणका_विथ_भाकर
आत्या मग पुण्यापर्यंत कशी आली हा तांत्रिक प्रश्न अनुत्तरित राहतो.

आजोबांची_फियाट
@झुणका, बसून.

सदू_फ्रेमाँटकर
पाना_पक्कड, फार आभार, जीव भांड्यात पडला. पण मूळ प्रश्न तसाच आहे: इंजिन उतरवायचं की नाही?

सिलिकॉन_वासुदेव
उतरवा. ९१४ चं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र, खालच्या बाजूने निघतं. पुढे एक आडवी पट्टी, मागे गिअरबॉक्सचे माउंट. वायरी, केबली, पेट्रोलचे पाइप सोडवा आणि जॅकवर घेऊन अलगद खाली. मी दोनदा केलंय, शनिवारी सकाळी सुरू केलं तर संध्याकाळच्या चहाला इंजिन जमिनीवर. एकदा ते समोर आलं की पट्टाच काय, पन्नास वर्षांचे ऑइल सील, पेट्रोलचे कडक झालेले पाइप, क्लच, सगळं हाताशी. आंधळी कोशिंबीर खेळत बसण्यापेक्षा हे बरं.

निशिगंधा
सिलिकॉन_वासुदेव यांच्याशी असहमत. एका पट्ट्यासाठी इंजिन उतरवणं म्हणजे दात दुखतोय म्हणून डोकं बाजूला काढून ठेवणं. आणि "एकदा उतरवलंच आहे तर" हे वाक्य ज्यांनी ज्यांनी उच्चारलं त्यांच्या गाड्या दीड वर्ष घोडीवर (उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडवर) आहेत. आमच्या कोल्हापूरच्या गॅरेजात अशा तीन आहेत. मालक दिवाळीला येऊन पुसून जातात.

सदूभाऊ, आमच्याकडे ९१४ कधी आली नाही. पण हेच टाइप ४ इंजिन असलेली १९७० च्या दशकातली फोक्सवॅगन बस एकदा कामाला आली होती, एक जर्मन जोडपं घेऊन फिरत होतं. बसमध्ये मागचं दार उघडलं की पंखा आणि पट्टा तोंडासमोर. तुमच्याकडे इंजिन उलटं फिरवून बसवलंय म्हणून पंखा तुमच्या पाठीला आलाय. रचना तीच. तेव्हा:

अल्टरनेटर दोन बोल्टांवर धरलेला असतो. एक खालचा, ज्याच्याभोवती तो झुलतो. एक वरचा, ताण धरणारा, त्याचं डोकं अ‍ॅलनचं, म्हणजे आत षट्कोनी खाच असलेलं. वरच्यासाठी पत्र्यात एक भोक असतं, त्यावर प्लॅस्टिकचं बूच. ते बूच बहुतेकांना दिसतच नाही आणि मग सगळे इंजिन उतरवायला निघतात. बूच काढा, आत अ‍ॅलन की घाला. अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की पट्टा सैल.

लोक चुकतात ते इथे: वरचा बोल्ट सोडवतात आणि मग टॉमीने (लोखंडी दांड्याने) अल्टरनेटर रेटत बसतात. खालचा आवळलेलाच असतो! बोल्ट बसतो तो कान तुटतो अल्टरनेटरचा. आधी गाडीखाली जा, खालचा ढिला करा, मग वर या.

सिलिकॉन_वासुदेव
@निशिगंधाताई, माझी गाडी दीड वर्ष नव्हती घोडीवर.
अकरा महिने.

निशिगंधा
😌

टोपणनाव_सुचत_नाही
हात घालण्याआधी मल्टिमीटर घाला. इंजिन बंद असताना बॅटरीवर साडेबाराच्या आसपास व्होल्ट हवेत. चालू करून, थोडं रेस करून १३.८ ते १४.२ च्या दरम्यान. रेस करूनही तेरा ओलांडत नसेल तर दोष पट्ट्याचाच असेल असं नाही. तुमच्या गाडीत व्होल्टेज रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटात नसून इंजिनाजवळच्या रिले बोर्डवर खोचलेला आहे. त्याच्या पिना काळ्या पडतात. अल्टरनेटरचे ब्रश झिजतात. उगाच पट्टा बदलाल आणि दिवा तसाच.

सदू_फ्रेमाँटकर
@टोपणनाव, मोजतो. पण कुईं आवाज आणि वास पट्ट्याचाच ना?

टोपणनाव_सुचत_नाही
बहुतेक. पण ‘बहुतेक’वर मी बोनेट उघडत नाही.

दर्यावर्दी
पत्र्यात भोक, त्यात बूच, त्यात अ‍ॅलन की. जर्मन लोकांनी लग्न कशी केली असतील?

इतिहासाचे_पान
अवांतर. ही गाडी फोक्सवॅगन आणि पोर्शे यांनी मिळून केली. फोक्सवॅगनचे हाइन्झ नॉर्डहॉफ आणि फेरी पोर्शे यांच्यात तोंडी ठरलं होतं. नॉर्डहॉफ १९६८ मध्ये वारले, नवे प्रमुख कुर्ट लोट्झ यांना तो तोंडी व्यवहार तसा मान्य नव्हता, आणि सगळी गणितं बदलली. युरोपात ती ‘फोक्सवॅगन-पोर्शे’ म्हणून विकली गेली, अमेरिकेत नुसती पोर्शे. खऱ्या पोर्शेवाल्यांनी तिला कधी पंक्तीला बसवलं नाही. पण सहा सिलिंडरची ९१४-६ जीटी १९७० च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एकूण सहावी आली आणि आपल्या वर्गात पहिली.

कोपरखैरणेकर
म्हणजे घरी सावत्र, शाळेत पहिली.

दर्यावर्दी
अवांतरात माझीही भर. आपल्या गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते का कोणाला? दोन सीटची, उघड्या छताची, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. मडगावात मी एकदा पाहिली, लाल. पोरं तिच्यामागे धावत होती. आता एखादी धड मिळाली तर सुट्या भागांसाठी मालकच धावत असेल.

चक्रधर_सोलापूर
अवांतर बास, धागा भरकटतोय. सदूभाऊ, एक देशी उपाय: पिठाच्या गिरणीला लावतात तो कड्याकड्यांचा पट्टा. हव्या तितक्या कड्या जोडायच्या, जागेवरच चढवायचा. काही सोडवायला नको.

पाना_पक्कड
@चक्रधर, गिरणीत ठीक. इथे पंखा क्रँकशाफ्टच्याच वेगाने फिरतो, म्हणजे पुलीही, पाच हजारांच्या वर. कड्यांचा पट्टा जाड असतो, आजूबाजूला पत्रा बोटभरही लांब नाही. एक कडी घासली की तुकडे पंख्यात. अडीअडचणीला, टेकडी उतरण्यापुरता, परकराच्या नाडीच्या लायकीचा. कायमचा नको.

आजोबांची_फियाट
नाडीचा अपमान सहन केला जाणार नाही.

निशिगंधा
सदूभाऊ, आणखी एक. बॅटरी काढलीच आहे तर तिच्या खालचा ट्रे बघा. बॅटरीतलं अ‍ॅसिड आणि वरच्या जाळीतून येणारं पावसाचं पाणी नेमकं उजव्या बाजूला खाली गळतं, मागच्या सस्पेन्शनच्या माउंटावर. अमेरिकेतले ९१४ वाले त्या जागेला ‘नरकाचं भोक’ म्हणतात. उजवीकडे जॅक लावायच्या आधी पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ठण्ण वाजला तर लावा. भद्द वाजला तर खाली झोपू नका.

सदू_फ्रेमाँटकर
ठोकला. मागे ठण्ण, पुढे ठण्ण, एका जागी ठ... आणि थोडा विचार करून ण्ण. घोडी त्या जागेपासून वीतभर पुढे लावणार आहे.

व्होल्टेज: बंद असताना १२.४, सुरू केल्यावर १२.६, हेडलाइट लावून १२.१ आणि कुईं. खूप रेस केली की १३.७. शनिवारी मुहूर्त. पट्टा आणलाय, आतल्या अंगाला दाते असलेला, लहान पुलीवर चांगला वळतो म्हणे.

टोपणनाव_सुचत_नाही
रेस केल्यावर १३.७ म्हणजे रेग्युलेटर आणि ब्रश बहुधा जिवंत आहेत. पट्टाच घसरतोय. आता करा. निगेटिव्ह केबल सुटलेलीच ठेवा.

झुणका_विथ_भाकर
फोटो!

सदू_फ्रेमाँटकर
शनिवार रात्र. हातांना अजून ग्रीसचा वास आहे, त्यामुळे टंकलेखनाच्या चुका माफ.

सकाळी नऊला मागून गाडी उचलून दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या. निशिगंधाताईंचं ऐकून आधी खाली गेलो. हीटरच्या गरम हवेचा जाड पाइप बाजूला केला तेव्हा खालच्या बोल्टाचं डोकं दिसलं. गंजाने लाल झालेलं. रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतं, तरी पहिल्या जोरात पाना निसटला आणि बोटाचं सालपट. दुसऱ्यांदा कर्रर्र करून फिरला. तो आवाज ऐकून मी गाडीखाली झोपूनच हसलो.

मग वर. बूच सापडायला वीस मिनिटं! बूच काळं, पत्रा काळा, वर पन्नास वर्षांची काळी घाण. अ‍ॅलन कीचा लांब दांडा मागच्या भिंतीला लागत होता, मग हॅकसॉने कापून दोन बोटांएवढा केला. बोल्ट ढिला झाला. अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला, जुना पट्टा लोंबला. निघताना मी तो ओढला आणि त्याने माझ्या हातात तीन तुकडे केले. आतून काचेसारखा गुळगुळीत होता.

नवा बसवणं हाच खरा छळ. वरून दिसत नाही, खालून पोचत नाही. खालून डावा हात घालून पट्टा पंख्याच्या पुलीवर अंदाजाने बसवायचा, वरून उजव्या हाताने तो अल्टरनेटरच्या खाचेत ओढायचा, आणि हे दोन्ही हात एकाच माणसाचे असू शकत नाहीत. शेवटी सौ. वर उभी, मी खाली. "आला का?" "काय आला का?" "पट्टा!" "काळं काहीतरी आलंय." "ओढ!" "ते तुझं बोट आहे."

खाचेत अर्धा बसल्यावर इंजिन थोडं फिरवलं की पुढे सरकेल म्हणून पाचवा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवलं. इंजिन ढिम्म. दुसऱ्या बाजूचं चाक उलटं गरगर फिरतंय! दोन्ही चाकं हवेत, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) आपलं काम चोख करतंय. मग मुलीला त्या चाकावर बसवलं (वय अकरा, मोबदला दहा डॉलर), प्लग काढले, परत फिरवलं. टप्प. पट्टा बसला. हा आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि नेमका त्याच वेळी वरचा अ‍ॅलन बोल्ट, जो मी "हातानेच सोडवून ठेवू, सोपं जाईल" म्हणून पूर्ण काढला होता, तो वॉशरसकट बोटांतून सुटला. टिण्ग. टिण्ग. टुक. आत कुठेतरी. पंख्याच्या घरात की बाहेर, माहीत नाही.

रात्र झाली. मदत.

पाना_पक्कड
इंजिन सुरू करू नका. स्टार्टरसुद्धा मारू नका. बोल्ट पंख्याच्या पात्यांत असेल तर पाती जातील.

निशिगंधा
+१. टेलिस्कोपिक दांडीवरचं लोहचुंबक आणा, आणि घशात घालतात तसा स्वस्त कॅमेरा मिळतो, मोबाइलला जोडायचा. पंखा हाताने एकेक बोट फिरवत कान देऊन ऐका. खुळखुळलं तर आत आहे.

कोपरखैरणेकर
तीन टिण्ग असते तर बाहेर. दोन टिण्ग एक टुक म्हणजे आत. अनुभव.

सिलिकॉन_वासुदेव
मी काही बोललो नाही. इंजिन खाली असतं तर बोल्ट जमिनीवर पडला असता.

निशिगंधा
@सिलिकॉन_वासुदेव, आणि अकरा महिने तिथेच राहिला असता.

सिलिकॉन_वासुदेव
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सदू_फ्रेमाँटकर
रविवार दुपार.

पंखा फिरवला, खुळखुळ नाही. कॅमेरा घातला, पंख्याचं घर स्वच्छ. मग चुंबक घेऊन अल्टरनेटरच्या खाली, पत्र्याच्या वळणात चाचपडलो. तिथे माती, वाळलेली पानं, उंदराने आणलेल्या अक्रोडाची टरफलं. चौथ्या फेरीला टक्क. हळूहळू वर ओढलं, सौ.ने टॉर्च धरला, मुलीने टाळ्या वाजवल्या. बोल्ट!

माझा नव्हता. अ‍ॅलनचा नाहीच, साधा षट्कोनी डोक्याचा, गंजलेला.

परत चुंबक. दोन फेऱ्यांनी माझा आला. वॉशर त्याच्याच मागोमाग, जणू हात धरून.

बोल्ट लावला, लाकडी दांडा घालून अल्टरनेटर बाहेर ओढून धरला, वरचा आवळला, मग खालचा. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सेंटिमीटरभर दबतो. बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि विझला, विझलेलाच राहिला. मीटरवर १४.१. दोन्ही हेडलाइट वर काढले, गाडीच्या आतला हवेचा पंखा लावला, वायपर लावले: १३.९. कुईं नाही. वीस मिनिटं चालवून आलो, सेंटिमीटरचा दीड झाला होता, पुन्हा ताणला.

एकूण खर्च: पट्टा, चुंबक, कॅमेरा, एक कापलेली अ‍ॅलन की, मुलीचे दहा डॉलर. १२०० चे शंभरसुद्धा नाहीत. फोटो उद्या टाकतो, मोबाइल ग्रीसने माखलाय.

निशिगंधा
शाब्बास! दोनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा एकदा बघा. आणि ते ठ-ण्ण प्रकरण पुढच्या पावसाळ्याआधी उघडा, म्हणजे तुमच्या तिकडच्या डिसेंबरआधी.

चक्रधर_सोलापूर
दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

आजोबांची_फियाट
वहिनींनी परकराची नाडी वाचवल्याबद्दल अभिनंदन.

टोपणनाव_सुचत_नाही
तो दुसरा बोल्ट कुठला? ते कळल्याशिवाय लांबच्या प्रवासाला जाऊ नका. कुठूनतरी निघालेला असणार.

सदू_फ्रेमाँटकर
@टोपणनाव, मलाही तीच धास्ती. तासभर शोधलं, कुठेच जागा रिकामी नाही. शेवटी ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या काकांना फोन लावला. मी म्हटलं, अल्टरनेटरच्या खाली एक बोल्ट सापडलाय.

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "वॉशर आहे का त्याला?"

झुणका_विथ_भाकर
होता का?

सदू_फ्रेमाँटकर
नाही. चुंबक घेऊन परत चाललोय.

झुणका_विथ_भाकर
फोटो टाका.